मुंबईत राहून अवकाश दुर्बिणींच्या डेटावर पदवीच्या विद्यार्थ्यांनी नेमके काय करावे?

शर्मिष्ठा

नमस्कार. मी पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात प्रकल्प करायचा आहे आणि इकडचे-तिकडचे उतारे जोडून तयार केलेला अहवाल न देता खऱ्या निरीक्षणांवर काम करावे, असा त्यांचा आग्रह आहे. तो मला मनापासून पटतो. महाविद्यालयाच्या गच्चीवरून मात्र हे साधणार नाही. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते आणि हिवाळ्यातल्या निरभ्र रात्रीही दिव्यांच्या उजेडातून व धुरक्यातून मृगातले ठळक तारे, व्याध, रोहिणी आणि एखाददुसरा ग्रह यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. वांगणीला जाऊन एखादी रात्र आकाशदर्शनात उत्तम जाते, परंतु मोजमापाला जे सातत्य लागते ते अशा सहलींतून मिळत नाही.

म्हणून केप्लर, टेस, गाया, हबल, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी जमवलेल्या डेटाकडे वळण्याचा विचार आहे. हा डेटा सर्वांना खुला असतो असे वाचले आहे, पण तो कोणत्या रूपात हाती येतो आणि त्यासाठी एखाद्या संशोधन संस्थेची ओळख लागते का, हे कळलेले नाही. विद्यार्थ्यांना पायथन बेताचे येते, संगणक साधे आहेत. निम्म्या मुलांचा ओढा बाह्यग्रहांकडे, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांकडे आहे, काहींना दीर्घिकांचे वेड आहे, आणि एका विद्यार्थिनीला ताऱ्यांच्या आयुष्यक्रमाविषयी विशेष कुतूहल आहे.

माझी खरी शंका याच्याही पुढची आहे. ज्या डेटावर जगभरातले तज्ज्ञ वर्षानुवर्षे काम करत आले, त्यात आमच्यासारख्यांना करण्याजोगे काही उरले आहे का? आणि आपल्याला काही सापडले असे मुलांना वाटले, तर ते आकाशातले आहे की यंत्रातले, हे आम्ही कशावरून ठरवावे? सुबक आलेख काढून प्रकल्प संपवण्यात मला समाधान नाही.


कुलाबेकर

मॅडम, परवानगीचा प्रश्न आधी मिटवतो. केप्लर, टेस, हबल आणि वेब या चौघींचा डेटा बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या ‘मास्ट’ या संग्रहात ठेवलेला असतो आणि गायाचा डेटा युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात. दोन्ही ठिकाणी कोणाचीही शिफारस लागत नाही. हबल आणि वेबच्या बाबतीत ज्या गटाने प्रस्ताव लिहून निरीक्षणाचा वेळ मिळवला असेल त्याच्यासाठी ती निरीक्षणे काही काळ, वेबसाठी बहुधा एक वर्ष, राखून ठेवली जातात आणि नंतर सर्वांना खुली होतात. टेसच्या निरीक्षणांना असा राखीव काळच नाही. प्रक्रिया पूर्ण झाली की ती संग्रहात येतात आणि ती तुमच्या विद्यार्थ्यांना व एखाद्या मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एकाच वेळी मिळतात.

आता डेटाच्या रूपाविषयी. केप्लर 2009 मध्ये अवकाशात गेली आणि हंस व स्वरमंडळ या तारकासमूहांतल्या आकाशाच्या एकाच तुकड्यावर तिने चार वर्षे नजर रोखली. सुमारे दीड लाख ताऱ्यांचे तेज ती साधारण दर अर्ध्या तासाला नोंदवत होती. 2013 मध्ये तिची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरे चाक निकामी झाले, तेव्हा सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन तिला तोलून धरण्याची युक्ती अभियंत्यांनी काढली, आणि 2014 ते 2018 या काळात ‘के-टू’ या नावाने तिने राशिचक्राच्या पट्ट्यातले एकेक क्षेत्र सुमारे ऐंशी ऐंशी दिवस पाहिले. टेस एप्रिल 2018 मध्ये गेली. ती आकाशाचा 24 अंश रुंद आणि 96 अंश लांब पट्टा 27 दिवस पाहते आणि मग पुढच्या पट्ट्याकडे वळते. प्रत्येक ताऱ्यासाठी तुम्हाला वेळ आणि तेज असे दोन मुख्य स्तंभ मिळतात, शिवाय कॅमेऱ्यातल्या ज्या चौकटींवरून (पिक्सेलांवरून) ते तेज मोजले त्या मूळ चौकटींच्या लहान प्रतिमाही मिळतात. विद्यार्थ्यांनी या प्रतिमांपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, कारण तयार आलेख हाती घेतला की तो कसा बनला हा प्रश्नच मनात येत नाही. यासाठी ‘लाइटकर्व्ह’ हे पायथनचे मोफत साधन पुरेसे आहे.

पहिले काम म्हणून ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा तारा निवडावा. वास्प-18 हा त्यासाठी उत्तम आहे. त्याच्या भोवती गुरूच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह एका दिवसाहूनही कमी वेळात प्रदक्षिणा घालतो आणि प्रत्येक अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा, ताऱ्याचे तेज सुमारे एक टक्क्याने उतरते. तेजातली घट म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, हे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजते. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एकदशांश, म्हणून घट एक टक्का. पृथ्वीची एकशेनवांश, म्हणून घट दहा लाखांत केवळ 84 भाग. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून जाणारी पृथ्वी शोधणे किती कठीण आहे हे या दोन आकड्यांतून मुलांना जितके नेमके कळेल, तितके कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर असे. एका विद्यार्थ्याने काही ताऱ्यांच्या नोंदींत गणिताने तयार केलेली खोटी अधिक्रमणे मिसळावीत, कोणत्या ताऱ्यात किती खोल हे लिहून स्वतःजवळ ठेवावे, आणि बाकीच्यांनी ती शोधावीत. किती सापडली, किती निसटली आणि जिथे काहीच मिसळले नव्हते तिथे किती ‘सापडली’, या तीन संख्या हाती आल्याशिवाय त्यांच्या शोधपद्धतीविषयी काहीही म्हणता येत नाही. व्यावसायिक गटही हेच करतात आणि ‘इतक्या ताऱ्यांपैकी इतक्यांना ग्रह असतात’ अशी विधाने याच पायावर उभी असतात.


पवईचा वाटसरू

मी व्यवसायाने संगणक क्षेत्रात आहे आणि टेसच्या डेटात हौसेने ग्रह शोधणाऱ्यांपैकी एक आहे. कुलाबेकरांनी सांगितलेली कसोटी आवश्यकच आहे, परंतु ती पद्धत तपासते. सापडलेला संकेत ग्रहाचाच आहे का, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो आणि विद्यार्थी तिथेच जास्त फसतात.

टेसच्या एका चौकटीची बाजू सुमारे 21 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आहे, केप्लरची सुमारे 4. म्हणजे टेसच्या एका चौकटीत केप्लरच्या पंचवीसहून अधिक चौकटी मावतात आणि आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ त्या एका चौकटीत अनेक तारे दाटीने बसलेले असतात. समजा, तुमच्या ताऱ्याच्या शेजारी त्याच्या शंभरपटीने मंद असे जोडतारे आहेत आणि त्यांपैकी एक दुसऱ्याला झाकतो तेव्हा त्यांचे तेज निम्मे होते. एकत्रित तेजात ही घट अर्ध्या टक्क्याची दिसेल, म्हणजे शनीएवढ्या ग्रहाची शोभेल अशी. म्हणून घट होत असताना प्रकाशाचा मध्य कोणत्या दिशेला सरकतो हे मूळ चौकटींवर पाहावे लागते. मध्य तुमच्या ताऱ्यापासून दूर सरकत असेल तर विषय तिथेच संपतो. मग सम आणि विषम क्रमांकांच्या घटांची खोली वेगवेगळी आहे का हे पाहावे. वेगळी असेल तर तुम्ही ज्याला एक प्रदक्षिणा समजता ती प्रत्यक्षात दोन ताऱ्यांची अर्धी प्रदक्षिणा असते. दोन घटांच्या बरोबर मध्ये एखादी उथळ घट दिसते का, घटीचा तळ सपाट आहे की टोकदार, त्याच वेळी शेजारच्या इतर ताऱ्यांतही तशीच घट आहे का, हेही तपासावे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण पृथ्वीचा किंवा चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरला की शेकडो ताऱ्यांच्या नोंदी एकदम बिघडतात.

इतके करूनही अधिक्रमणावरून फक्त आकार कळतो. गुरूएवढा आकार तपकिरी बटू ताऱ्याचा, म्हणजे पूर्ण तारा होऊ न शकलेल्या गोलाचा, असू शकतो आणि अगदी लहान लाल ताऱ्याचाही. वस्तुमानासाठी वर्णपटावरून ताऱ्याचा त्रिज्य वेग, म्हणजे आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग, मोजावा लागतो आणि त्यासाठी जमिनीवरची मोठी दुर्बीण हवी. आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे के2-236 बी. त्याचा पहिला संकेत के-टूच्या डेटातून मिळाला, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने माउंट अबूवरच्या 1.2 मीटर दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने ताऱ्याची डोलण्याची गती मोजून 2018 मध्ये त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 27 पट असल्याचे जाहीर केले. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या साधारण सहापट आहे. महाविद्यालयाच्या आवाक्यात यातला पहिला अर्धा भाग येतो, दुसरा येत नाही.

उरले आहे का, असे विचारलेत. टेसच्या ग्रहउमेदवारांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली आहे आणि त्यांतले बहुसंख्य अजून तपासले जायचे आहेत. शिवाय सर्वसामान्य स्वयंसेवकांनी केवळ डोळ्यांनी आलेख पाहून शोधलेल्या गोष्टी आहेतच. केप्लरच्या डेटातला केआयसी 8462852 हा तारा, ज्याचे तेज अनियमितपणे, एकदा तर वीस टक्क्यांहूनही जास्त उतरले, तो अशाच स्वयंसेवकांच्या नजरेला आला, कारण ठरावीक कालावधीने येणाऱ्या घटांच्या शोधात असलेल्या संगणक प्रणालीला तो काही विशेष वाटला नव्हता. के2-138 भोवतीची ग्रहमालाही स्वयंसेवकांच्या मदतीने 2018 मध्ये उजेडात आली. माझे मत म्हणून सांगतो, नवा ग्रह शोधण्याचे ध्येय ठेवू नका. आधीच नोंदलेल्या उमेदवारांपैकी काही निवडून त्यांना वरच्या सगळ्या प्रश्नांतून बारकाईने न्या. एखादा उमेदवार ग्रह नाही हे पुराव्यानिशी दाखवणे हेही उपयुक्त काम आहे, कारण त्यामुळे कोणाच्या तरी मोठ्या दुर्बिणीच्या रात्री वाया जायच्या वाचतात.


सुनंदा मुलुंड

मला वरच्या दोघांचेही म्हणणे मान्य आहे, तरीही पदवीच्या विद्यार्थ्यांना ग्रहांपासून सुरुवात करून देणे योग्य वाटत नाही. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येवरून काढतात. ताराच नीट कळला नसेल तर ग्रहाविषयीचे प्रत्येक विधान डळमळीत राहते. ज्या मुलीला ताऱ्यांविषयी कुतूहल आहे, तिच्यामागे बाकीच्यांनी जावे, असे मी सुचवीन.

गाया डिसेंबर 2013 मध्ये गेली आणि जानेवारी 2025 पर्यंत तिने निरीक्षणे केली. 2022 च्या तिसऱ्या प्रकाशनात सुमारे 180 कोटी ताऱ्यांच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या 146 कोटींच्या आसपास ताऱ्यांचे पराशय व निजगती उपलब्ध आहेत. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते तेव्हा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो; हे सरकणे म्हणजे पराशय, आणि त्यावरून अंतर मिळते. निजगती म्हणजे तारा स्वतः आकाशात दरवर्षी किती सरकतो ते. गायाच्या संग्रहात प्रश्न लिहून विचारावा लागतो, म्हणजे अमुक दिशेपासून दोन-तीन अंशांच्या आत असलेले, इतक्या तेजापर्यंतचे तारे द्या, आणि उत्तरादाखल तक्ता मिळतो. काही हजार ओळींचा तक्ता साध्या लॅपटॉपवर सहज उघडतो. ‘टॉपकॅट’ हे मोफत साधन असेल तर सुरुवातीला पायथनचीही गरज नाही.

कृत्तिका घ्या. आपल्याकडे नक्षत्रे पाठ असलेल्या घरातल्या मुलांना नाव माहीत असते आणि मुंबईतूनही हिवाळ्यात तो झुबका ओळखता येतो. त्या दिशेच्या सर्व ताऱ्यांची निजगती आलेखावर मांडली की शून्याजवळ दूरच्या ताऱ्यांची मोठी गर्दी दिसते आणि तिच्यापासून वेगळा एक लहान घट्ट ठिपका दिसतो, पूर्वेकडे वर्षाला विकलेच्या सुमारे वीस सहस्रांश आणि दक्षिणेकडे पंचेचाळीस सहस्रांश. हे एकत्र प्रवास करणारे तारे म्हणजे कृत्तिकांचा गुच्छ. त्यांचा पराशय विकलेच्या सुमारे 7.4 सहस्रांश येतो, म्हणजे अंतर सुमारे 136 पार्सेक किंवा 440 प्रकाशवर्षे. या एका अंतरावरून मोठा वाद झाला होता. आधीच्या हिपार्कोस उपग्रहाने ते सुमारे 120 पार्सेक सांगितले होते, आणि ते खरे मानले तर तरुण ताऱ्यांच्या रचनेविषयीचे सिद्धान्त बदलावे लागले असते. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने 2014 मध्ये आणि नंतर गायाने जुने मोठे अंतरच बरोबर ठरवले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या तक्त्यावरून हा निकाल लावून पाहावा, यासारखे शिक्षण नाही.

अंतर कळले की ताऱ्यांचे खरे तेज कळते, आणि रंगासमोर ते मांडले की हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृती डोळ्यांसमोर उभी राहते. बहुतेक तारे ज्या पट्ट्यात बसतात त्या मुख्य अनुक्रमाच्या थोडी वर, सुमारे पाऊण प्रतीने (प्रत हे तेजाचे माप) उजळ अशी एक समांतर रेघ दिसेल. ते एकमेकांत मिसळून दिसणारे जोडतारे आहेत. दूरच्या ताऱ्यांसाठी मात्र पराशयाचा व्यस्त घेऊन सरळ अंतर काढू देऊ नका. तिथे मोजमापातली त्रुटी पराशयाइतकीच मोठी असते, काही ताऱ्यांचे पराशय ऋणही येतात, आणि ते ऋण तारे गुपचूप वगळणे ही नवशिक्यांची सर्वांत घातक सवय आहे. वगळताच उरलेला नमुना एका बाजूला झुकतो.


गिरगावकर

दीर्घिकांचे वेड असलेल्या मुलांसाठी थोडे लिहितो. वेबची चित्रे पाहून सर्वांत दूरची दीर्घिका शोधावी असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु नुसत्या रंगांवरून अंतर ठरवण्यातला धोका तज्ज्ञांनाही चुकलेला नाही. 2022 मध्ये वेबच्या सीअर्स या सर्वेक्षणातल्या एका उमेदवाराची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला याचे माप; जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर) 16 च्या आसपास असावी असे रंगांवरून वाटले होते, म्हणजे महास्फोटानंतर केवळ पंचवीस कोटी वर्षांच्या सुमारास. 2023 मध्ये वर्णपट घेतला तेव्हा ती 4.9 निघाली, म्हणजे सुमारे एकशेवीस कोटी वर्षांनंतरची. धुळीने लाल झालेल्या त्या दीर्घिकेतल्या वायूच्या तीव्र उत्सर्जन रेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या की एकूण रंग अतिदूरच्या दीर्घिकेसारखा दिसावा. अंदाज मांडणाऱ्यांनी ही शक्यता आधीच नोंदवली होती, हे मुद्दाम सांगायला हवे.

तरी खुल्या डेटातून आपल्याकडे मोलाचे काम झाले आहे आणि मुलांना ते माहीत असावे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी 2025 मध्ये वेबच्या खुल्या सर्वेक्षणातून ‘अलकनंदा’ ही रेखीव सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व केवळ दीडशे कोटी वर्षांचे असताना तिचे दोन हात इतके सुस्पष्ट होते, ही गोष्ट सर्पिल रचना घडायला फार काळ लागतो या समजुतीला धक्का देणारी आहे. त्याआधी 2020 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने, हबलने पूर्वीच खोलवर पाहिलेल्या क्षेत्रात, सुमारे 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटणारे तीव्र अतिनील किरण नोंदवले. हबलपेक्षा आरसा लहान असूनही हे जमले, याचे एक कारण म्हणजे त्या दुर्बिणीच्या शोधकातला पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी आहे.

पदवीच्या पातळीवर मी दीर्घिकांच्या रूपांचे वर्गीकरण सुचवीन. युक्लिड दुर्बिणीचा मार्च 2025 मध्ये खुला झालेला पहिला भाग 63 चौरस अंशांचा आहे आणि त्यात सुमारे 2.6 कोटी दीर्घिका आहेत. मात्र त्याच्या पूर्ण प्रतिमा फार मोठ्या असतात. साध्या संगणकावर लहान तुकडेच उतरवून घ्यावेत.


शर्मिष्ठा

सर्वांचे मनापासून आभार. विद्यार्थ्यांसमोर हे सगळे वाचून दाखवले आणि बरीच चर्चा झाली. दीर्घिकांचा विषय पुढच्या वर्षासाठी ठेवावा आणि यंदा सुनंदाताईंच्या सूचनेप्रमाणे कृत्तिकांपासून सुरुवात करावी, यावर बहुतेकांचे एकमत झाले. ग्रहप्रेमी गट मात्र जरा नाराज आहे. कृत्तिकांचे अंतर आणि आकृती काढून झाल्यावर पुढे न्यायचा असा एखादा प्रश्न सुचवता येईल का, ज्यात केप्लर किंवा टेसचा डेटाही वापरला जाईल? आणि अडल्यास मुंबईत विचारायला कोणाकडे जावे?


सुनंदा मुलुंड

शर्मिष्ठाताई, असा प्रश्न आहे, आणि तो मला फार आवडतो. ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे वयानुसार किती मंदावते?

ताऱ्यावरचे डाग त्याच्याबरोबर फिरतात, त्यामुळे त्याचे तेज एका ठरावीक कालावधीने किंचित कमी-जास्त होते आणि त्यावरून परिवलनाचा काळ मिळतो. सूर्यासारख्या ताऱ्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) बाहेर नेतो, म्हणून ताऱ्याचे फिरणे हळूहळू मंदावते. 1972 मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी कृत्तिका, रोहिणीजवळचा हायडीज गुच्छ आणि सूर्य यांची तुलना करून असे मांडले की परिवलनाचा वेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो.

के-टूने 2015 मध्ये कृत्तिकांचे क्षेत्र पाहिले आणि त्याच वर्षी कर्क राशीतल्या पुष्य नक्षत्राजवळचा गुच्छही, ज्याला मेसिए 44 म्हणतात. कृत्तिकांचे वय सुमारे साडेबारा कोटी वर्षे, पुष्याच्या गुच्छाचे पासष्ट ते सत्तर कोटी. दोन्ही गुच्छांतले सदस्य गायावरून निवडावेत, सूर्यासारख्या रंगाचे तारे वेगळे काढावेत आणि त्यांचे परिवलनकाळ के-टूच्या नोंदींवरून मोजावेत. कृत्तिकांत ते साधारण चार-पाच दिवसांचे येतील, पुष्यात दहाच्या आसपास. वयांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ सुमारे 2.3 आहे, जुळते का ते पाहावे. मग तोच नियम 457 कोटी वर्षांच्या सूर्यापर्यंत ताणून पंचवीस-सव्वीस दिवस येतात का हेही तपासावे.

खरी गंमत पुढे आहे. सूर्याहून लहान, नारिंगी ताऱ्यांना हा नियम लावला की तो मोडतो. केप्लरच्या मूळ क्षेत्रातला एनजीसी 6811 हा गुच्छ सुमारे शंभर कोटी वर्षांचा आहे, आणि तिथले असे तारे पुष्यातल्यापेक्षा जास्त हळू फिरायला हवे होते, पण 2019 मध्ये असे दिसले की ते जवळजवळ तितक्याच वेगाने फिरतात. जणू मधल्या काळात त्यांचे मंदावणे थांबले होते. याचे कारण ताऱ्याच्या गाभ्याकडून बाहेरच्या थराकडे येणाऱ्या कोनीय संवेगात असावे असे मानले जाते, पण चर्चा अजून संपलेली नाही. काही उरले आहे का, या तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच. शिवाय गायामुळे हायडीज आणि पुष्य या दोन्ही गुच्छांतून निसटून लांब शेपटीसारखे पसरलेले तारेही कळले आहेत. त्यांचे परिवलनकाळ गुच्छाच्या वयाशी जुळतात का, हे तपासायला भरपूर वाव आहे.


पवईचा वाटसरू

या प्रकल्पासाठी टेसपेक्षा के-टू योग्य, याला माझाही दुजोरा. टेसच्या एका पट्ट्यात 27 दिवसच मिळतात आणि मध्ये एक खंडही असतो, त्यामुळे तेरा-चौदा दिवसांपेक्षा मोठा कालावधी खात्रीने सांगता येत नाही. पुष्यातले काही तारे नेमके त्या सीमेवर आहेत. के-टूचे ऐंशी दिवस त्यासाठी पुरेसे आहेत.

दोन सापळे आधीच सांगून ठेवतो. के-टू स्वतःच्या अक्षाभोवती हळूहळू कलंडत असे आणि साधारण दर सहा तासांनी तिला परत सरळ करावे लागे, म्हणून कच्च्या नोंदींत सहा तासांची एक करवतीसारखी रेघ दिसते. ती ताऱ्याची नाही. मास्टमध्ये ‘एव्हरेस्ट’ आणि ‘के-टू-एसएफएफ’ या नावांनी दुरुस्त केलेल्या नोंदी आहेत. दोन्ही घेऊन तुलना करावी, कारण दुरुस्ती कधी कधी ताऱ्याचा खरा बदलही पुसून टाकते. दुसरा सापळा असा की, ताऱ्याच्या दोन विरुद्ध बाजूंना डागांचे दोन समूह असले तर एका परिवलनात तेज दोनदा उतरते आणि गणित निम्मा काळ सांगते. सर्वांत ठळक कालावधी डोळे झाकून घेऊ नये. त्याच्या दुप्पट कालावधीवर नोंदी दुमडून, म्हणजे प्रत्येक फेरीचे तुकडे एकावर एक ठेवून, पाहाव्यात आणि एकाआड एक येणाऱ्या घटा सारख्या आहेत की वेगळ्या हे तपासावे.


कुलाबेकर

मार्गदर्शनाविषयी. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम चालवते, आणि पुण्याची आयुका महाविद्यालयीन शिक्षकांसाठी कार्यशाळा घेते व विद्यापीठे-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना सहयोगी म्हणूनही जोडून घेते. शिक्षिका म्हणून तुम्ही स्वतः आयुकाशी संपर्क ठेवलात तर पुढच्या प्रत्येक तुकडीला त्याचा लाभ होईल. प्रश्न विचारताना आलेख आणि तो काढणारा कोड दोन्ही सोबत पाठवावेत. नुसत्या वर्णनावरून कोणालाही नीट उत्तर देता येत नाही.

ग्रहप्रेमी गटाने नाराज होऊ नये. पुष्याच्या त्याच गुच्छात, के-टूच्या त्याच नोंदींतून ग्रहही सापडले आहेत. के2-95 हा त्या गुच्छातला लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान व थंड तारा आहे आणि त्याच्याभोवती नेपच्यूनहून किंचित लहान असा ग्रह सुमारे दहा दिवसांत फिरतो. तारा लहान असल्यामुळे घट अर्ध्या टक्क्याहून जास्त खोल आहे आणि ऐंशी दिवसांत ती सात-आठ वेळा यायला हवी. तारा मंद आहे, त्यामुळे नोंदींत गोंगाट बराच असेल, पण कालावधीवर दुमडल्यावर घट उठून दिसावी. या ग्रहाचे वय गुच्छावरून ठाऊक आहे, आणि बहुतेक बाह्यग्रहांच्या बाबतीत ते इतक्या खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ग्रहगटाने या ताऱ्याचे अधिक्रमण मोजावे, परिवलन गटाने त्याच ताऱ्याच्या डागांचा कालावधी काढावा आणि गाया गटाने त्याचे सदस्यत्व स्वतंत्रपणे तपासावे. तिन्ही गटांनी आपापला निष्कर्ष त्रुटीसह लिहून तुमच्याकडे दिल्यानंतरच एकमेकांचे आकडे पाहावेत. सदस्यत्वात शंका निघाली तर ग्रहाचे वयही शंकास्पद ठरेल, आणि अहवालात ते तसेच लिहावे लागेल.